पिकपचं जड स्टेरिंग

मामाजी,

आज ऑफिसातून निघताना तिथल्या एका मॅडमनं मले आपल्या कारमध्ये बसवलं. पुण्याची पोट्टी आहे, नवीनच आली रायपूरले. एका हातात शेंगदाणे आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी स्टेरिंग फिरवून राहिली. म्हणे, "काकू, शिकवू का तुम्हाला? दोन रविवारांत येईल." मी म्हटलं, "नको माय, मी गाडी चालवाले लागली तर रायपूरच्या गाई रस्त्यावर बसणं सोडून देतील." ती इतकी हसली की गाडी थांबवा लागली. मी पण हसली. घरी येऊन चहा ठेवला, तो पूर्ण उतू गेला आणि मी तशीच उभी. तुमचीच आठवण येत होती.

तुम्ही माझे सासरे. एका घरात चौदा वर्ष राहिलो, पण तुमच्याशी सरळ मी एक शब्द नाही बोलली. रीतच तशी होती आपली, डोक्यावर पदर आणि बोलाचं तर भलतीकडे तोंड करून. मी चुलीवरच्या भाताच्या गंजाले सांगाची, "भात उरला आहे बरं," आणि तुम्ही भिंतीले सांगाचे, "अर्धी वाटी चालते." तुमचा मुलगा होता तोवर मधातला डाकिया तोच. तो काविळीनं गेला, मग घरात आपण दोघं, आणि दारात त्याची पिकप, गोल डोळ्यांची, तुमच्या लग्नाच्या वेळची असंन. तुम्ही रेल्वेतले रिटायर फिटर, तुम्हीच ती चालवाले लागले, आणि आपलं सारं बोलणं तिच्या मार्फत व्हाले लागलं. सकाळी मी बोनेट पुसत म्हणाची, "काय गं म्हातारे, आज तरी खोकल्याशिवाय उठजो." तुम्ही मिशीत हसत तिलेच सांगाचे, "हिले म्हणा, आधी डब्यात लोणचं टाक."

नवीन राज्य झालं होतं, रायपूर त्याची राजधानी. जिकडे पाहा तिकडे ऑफिस उघडून राहिले होते, आणि ऑफिस म्हटलं की खुर्च्या, टेबलं, लोखंडी कपाटं. आपल्या पिकपले दम घ्याले फुरसत नव्हती. पण स्टेरिंग गेलं होतं तिचं. पाव चक्कर फिरवलं तरी चाकाले खबर नाही, आणि जाग्यावर वळवाचं म्हणजे चिखलातून म्हैस काढल्यासारखं. एका दिवशी उरल्याच्या कारखान्यांकडं ट्रक जातात त्या रोडवरच्या मिस्त्रीकडे निघालो. "मले कायले नेऊन राहिले गं?" मी गाडीले विचारलं. तुम्ही गियर टाकला.

मिस्त्री भला माणूस. त्यानं समजावून सांगितलं, "देखो चाचाजी, पुराना बॉक्स खोल के नया बेरिंग, नया बुश डाल देता हूँ. चलेगा भारी, पर बरसों चलेगा. नहीं तो पावर लगवा लो. पंप लगेगा, पट्टा लगेगा, तेल देखते रहना पड़ेगा. पर एक उंगली से घूमेगा." तुम्ही विचारलं, रस्त्यात इंजन बंद पडलं तर? "तो पावर भी गया, फिर लगाओ ताकत." मले वाटलं, आता हे जुनंच म्हणतील. अशा पंप-पट्ट्यावर तुमचा कधी भरोसा होता का? पण तुम्ही तो पंप हातात घेऊन पाहिला आणि म्हटलं, "पावर लगा दो." मग पिकपकडे तोंड करून, "कोणीतरी सीटवर बसून पाहा लागते, पाय पुरते का."

कोणीतरी म्हणजे तिथं मीच. मी चढली. पाय अर्धे हवेत, आणि दोन्ही हातांनी जोर लावला तरी स्टेरिंग हललं नाही. मग मिस्त्रीनं मले बाजूच्या पावरवाल्या जीपमध्ये बसवलं, इंजन चालू केलं. ते फिरलं मामाजी, पाळण्याची दोरी ओढावी तसं. टपरीवर चार ड्रायव्हर चहा पिऊन राहिले होते, सारे पाहत. मी खाली उतरली, पदर सावरला, पिकपच्या बोनेटवर थाप मारली आणि त्या चौघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐकलं का गं? म्हाताऱ्याचे मनगट पिचले. आता तुले बोटावर नाचवते म्हणे. उद्या पाणी प्याले पण पंप लावंन!"

"चाचा, बहू ने तो धो डाला!" एक जण ओरडला, बाकीच्यांचा चहा नाकात गेला.

तुम्ही हात पुसले. मिस्त्रीले म्हटलं, "पुराना ही बना दो." तात्यापाऱ्यात आपलं घर येईपर्यंत गाडीले पण एक शब्द नाही.

मग दोन वर्ष तुम्ही ते जड स्टेरिंग ओढलं. खांद्याले सरसूचं तेल लावत बसाचे, मी पाहाची. चहाची कपबशी उजव्या हातानं धरणं सोडलं तुम्ही. शेवटी एका चौकात गाडी वळलीच नाही. मागं हॉर्नवर हॉर्न, लोकांनी ढकलून बाजूले लावली, आणि तुम्ही आतमध्ये बसून, दोन्ही हात मांडीवर. अभनपूरचा एक भाजीवाला पिकप घेऊन गेला. मी ऑफिसात पाणी द्याले लागली. आणि गाडी गेली तशी आपल्यातलं बोलणं पण गेलं. भिंत होती, गंज होता, पण तुम्ही कोणालेच काही सांगाचे नाही. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेले.

तेरवीले मिस्त्री आला. सगळ्या बायांसमोर म्हणे, "दीदी, चाचा पावर अपने लिए नहीं लगवा रहे थे. एक दिन पहले अकेले आए थे. बोले, बहू को सिखाना है, मेरे बाद किसी का मुँह न ताके." सीट चार बोटं पुढं घ्याचं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर सारं पुन्हा समजावून सांगाचं पण सांगून गेले होते तुम्ही. मी पदरात तोंड घालून रडली. बाया म्हणे, बिचारीले काय माहीत होतं. तेव्हापासून मी पण हे असंच सांगते सगळ्यांना. मले काय माहीत होतं.

माहीत होतं, मामाजी. त्या जीपमध्ये माझ्या हाताखाली स्टेरिंग फिरलं तेव्हा मी मान वर केली, तर तुम्ही माझ्याकडे पाहून राहिले होते, पोरीले पहिल्यांदा सायकलवर बसवून हात सोडलेल्या बापासारखे. तेव्हाच समजलं सारं. तुमच्यामागं एकटीनं त्या ट्रकांच्या धुळीत गाडी घेऊन जा लागंन, ते पण समजलं. मले भेव वाटलं. आणि भेव वाटते हे सांगाले तुमच्याकडे तोंड करून बोला लागलं असतं. थट्टा केली की ती गोष्ट तिथंच मरंन, हे मले पक्कं माहीत होतं, म्हणून केली.