खडस माशाच्या जादा मिशा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९६८

तीर्थस्वरूप दत्तोपंतमामांस,
भाचा अच्युत याचा शिरसाष्टांग नमस्कार. आजऱ्याच्या थंडीत गुडघा फार छळत नसेल अशी आशा आहे. मामींचा घनसाळ तांदूळ पोचला; भाताच्या वासाने शेजारीही पोचले.

तुम्ही पाठवलेली माशांची अकराही चित्रं सुखरूप मिळाली. (पुढचं वाचताना मात्र पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.) इंग्रज साहेबासाठी हिरण्यकेशीच्या काठी बसून, एकेक खवला मोजून तुम्ही ती काढलीत आणि साहेबाच्या छापील पुस्तकात चित्रकाराचं नाव कुठेच नाही, हे आईकडून ऐकतच मी वाढलो. म्हणून इथल्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मीनाक्षीबाई प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली तुमचं नाव लावायला तयार झाल्या, तेव्हा आनंदाने मला काही सुचेना. नंतर जे सुचलं, ते न सुचतं तर बरं झालं असतं.

खडस माशाला तुम्ही दिसत्या बाजूने दोनच बारीक मिशा काढल्या होत्या. मी पडलो कोल्हापूरचा ड्रॉइंगमास्तर. एवढ्या दांडग्या माशाला एवढ्याशा मिशा मला बघवेनात. (आपल्या घरात मासा शिजत नाही, मग मिशा मोजल्यात कोणी?) पोस्टर रंगाने आणखी दोन झुपकेदार लावून दिल्या. बाई चक्रावल्या, असा मासा एकाही पुस्तकात सापडेना. शेवटी त्यांनी पंचगंगेच्या घाटावर मासे विकणाऱ्या चिमणाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "जल्म गेला मासं इकन्यात, पर असल्या मिशा तालमीतच बघितल्यात की! हे काडनाऱ्यानं मासा बघितलेलाच न्हाय." झालं! बाईंना अकराही चित्रांची शंका आली आणि त्या तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या काढू लागल्या.

मामा, तेव्हा मात्र मी सगळ्यांदेखत कबूल केलं, की मासा मामांचा, मिशा माझ्या. बाईंनी ओल्या कापसाने माझं कर्तृत्व पुसून काढलं. उरलेला मासा निरखून चिमणाबाई म्हणाल्या, "व्हय, आता ह्यो खरा हाय." चिठ्ठ्या पुन्हा लागल्या. लहानपणी माझा हात धरून तुम्ही रेघ ओढायला शिकवलीत, त्यावर आज माझं घर चालतं. हे उपकार तोंडावर कधी बोलता आले नाहीत, म्हणून लिहितो.

आपला,
अच्युत

ता. क. उद्घाटन येत्या रविवारी आहे. मामींना घेऊन नक्की या आणि तुमचं नाव तुमच्या डोळ्यांनी बघा.

आणखी एक. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं. मिशा पुसून झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्हाला चित्रकला शिकवली तरी कोणी?" तुमचं नाव नुकतंच कसंबसं बचावलं होतं. मी म्हणालो, कोणीच नाही. आल्यावर तेवढं सांभाळून घ्या.