तांब्यातलं सरबत

शनिवार, डिसेंबर

काय करून बसले मी आज!

कळमेश्वरहून मामांनी पाठवलेली संत्री आंबट निघाली. रस काढला, लिंबू पिळलं, साखर घातली आणि व्हिस्की ओतली. नवरा आला की दोघं गच्चीवर बसणार होतो. आईबाबा राहायला आलेत, त्यांना बाटली दिसायला नको, म्हणून सगळं तांब्यात ओतून, वर ताटली झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. तांब्यात! आमच्याकडे सरबत तांब्यातच असतं, हे मी विसरलेच कशी?

आंघोळ करून आले तर बाबांच्या हातात रिकामा पेला, समोर तांब्या. आई म्हणाली, "बाहेरून थकून आले, म्हणून त्याईले तुझं सरबत दिलं. काहून अशी पाहून राहिली वं?"

बाबांनी दारू सोडली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी थेंब घेतला नाही. आज पहिल्या घोटातच त्यांना कळलं असणार. मग पेला खाली का नाही ठेवला? आईला सांगू? कसं सांगू?

मी तांब्या उचलायला गेले. बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राहू दे वं तो इथंच."

आणि मी राहू दिला.