वानवळ्यात गेलेल्या गोळ्या

गुंजवणे, शनिवार

चि. रत्ना हिस कुंडलिकमामाचे भरघोस आशीर्वाद. जावईबापूंची कंबर आणि तुमची स्कूटर, दोन्ही एव्हाना धड झाली असतील असं धरून चालतो. हे फोनवरच सांगणार होतो, पण तुझी मामी फोन स्पीकरवर लावते आणि माझं गुपित गोठ्यापर्यंत जातं.

गोळ्यांनी उतार पडला का, विचारलंस. भात झोडून झाल्यापासून माझं मन कशात लागत नाही, घास गोड लागत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून तू भोरहून एसटीच्या कंडक्टरजवळ ड जीवनसत्त्वाची अन् माशाच्या तेलाची अशा दोन बाटल्या धाडल्यास. वर चिठ्ठी, की मामा, ही नुसती जोड आहे, आधी डॉक्टरांना दाखवा. चिठ्ठी मी वाचली. बाटल्या मामीनं फोडल्या.

आता पहिल्या शेंगा असोत की भाचीनं धाडलेला खाऊ, शेजारी वानवळा पोचवल्याशिवाय आपल्या घरात कुणी तोंड हलवलंय का? तिनं ताटलीत पिवळ्याधमक गोळ्या घेतल्या, वर रुमाल टाकला आणि घरोघरी चार-चार वाटल्या. फुलाबाईनं लिमलेट समजून माशाच्या तेलाची गोळी चघळली. (गळ्यात तुळशीची माळ आहे बिचारीच्या. दुपारभर चुळा भरत होती.) अंबूबाईनं कोंबड्यांना घातल्या. कोंबड्या आनंदात आहेत.

वाटताना कारणही सांगितलं गेलं. तेव्हापासून व्यायला झालेल्या म्हशीची करावी तशी आळी माझी चौकशी करते. "दादा, आज मन कसं हाय?" मी हात हलवतो. काल शेजारचा हनुमंत बांधावर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "म्या बी दोन वर्सं असाच व्हतो. भोरच्या डॉक्टराकडं गेल्तो, तवा सुधारलो. कुनाला सांगू नगंस." मी कुणाला सांगितलेलं नाही. (लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.)

तुझा,
कुंडलिकमामा

ता. क. गोळ्या पुन्हा धाडू नकोस. मंगळवारी डॉक्टरांकडे येतो. तू बरोबर चल. तिथं माझं तोंड उघडायचं नाही. मी माझा गुडघा दाखवायला जातोय, असं मामीला सांगितलंय.

आणखी ता. क. रत्ने, पाकीट मी चिकटवतेय. गुडघ्याचं म्या खरं मानलं न्हाई. मी बी येते. ह्यांनी आठ दिवस बसून हे लिहिलंय, एवढं कुनाशी बोलले न्हाईत. येताना पत्र घेऊन ये, डॉक्टरला हेच वाचायला देऊ. — सगुणामामी