राजाची झोप

प्रिय कृष्णा,

गेल्या आठवड्यात तू आपलंच म्हणणं सांगून फोन ठेवून दिलास, म्हणून लिहायला बसले. पत्राला मधेच तोडता येत नाही. मोसंबीला पाणी देऊन झालं, की बाजेवर बस आणि सावकाश वाच.

तुझी प्रेरणा शिकायला हर्सूलला माझ्याकडं आली, त्याला वर्ष होत आलं. पहिल्याच आठवड्यात तिचं घोरणं ऐकून मला हसू फुटलं. अगदी तू! पाचोडला उन्हाळ्यात आपण गच्चीवर ओळीनं झोपायचो. तुझं सुरू झालं, की शेजारच्या लक्ष्मीबाई खालून मायला विचारायच्या, द्वारकाबाई, गिरणी कुणी चालू केली? माय मात्र कौतुकानं सांगायची, माझ्या लेकराला राजाची झोप हाय. घोरणारं पोर म्हणजे पोटभर जेवलेलं, गाढ झोपलेलं पोर, हे आपल्याकडं ठरलेलंच. तुझ्या झोपेची ती दृष्टसुद्धा काढायची.

आणि सकाळी हाच राजा तोंड उघडं टाकून शाळेत पेंगायचा. काल पाठ झालेले पाढे आज कोरे. गुरुजींनी तुला ढ ठरवलं. मग दादांनी तुला खुलताबादला नेलं. तिथल्या कबरीवरची साखर ओठांनी उचलली, की लेकरू हुशार होतं म्हणतात. तू उचललीस आणि वर आणखी मागितलीस! दादा ते सांगताना लई हसायचे. पण त्याच वर्षी तू आठवीत गटांगळी खाल्लीस आणि शाळा सुटली ती सुटलीच. तू तुझी पुस्तकं सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलीस, ते मला अजून आठवतं. फार वाईट वाटतं रे.

त्या फोनच्या आदल्याच दिवशी प्रेरणाच्या शाळेतल्या बाईंनीही तेच गाऱ्हाणं सांगितलं. लक्ष नाही, सांगितलेलं डोक्यात राहत नाही, सारखी चिडते. तुला फोनवर ते सांगितलं, तर तू लगेच म्हणालास, पुढच्या रविवारी येऊन तिला घेऊन जातो, आपल्या घराण्यात शिक्षण नाहीच. फोन स्पीकरवर होता, पोरीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिनं मला विचारलं, "आत्या, मी पप्पांसारखीच ढ हाय का गं?"

तुला न विचारता मी तिला डॉक्टरांकडं नेलं. रागाव हवं तर. त्यांनी एक रात्र तिला दवाखान्यात झोपवून, डोक्याला अन् बोटाला वायरी लावून तपासलं. नाकामागची गाठ आणि टॉन्सिल इतके वाढलेत, की झोपेत तिचा श्वास पुन्हा पुन्हा अडतो. अडला की मेंदू तिला जागं करतो, तिचं तिलाही कळत नाही. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत जागच्या जागी लावून ठेवतो म्हणे. हिच्या मेंदूला तेवढी सवडच मिळत नाही. ऑपरेशननंतर पुष्कळ मुलं सुधारतात, पण जादू होईल असं समजू नका, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तूच होतास. तुझंही घोरणं मधेच थांबायचं, तू दचकून मान मागं टाकायचास आणि माय म्हणायची, सपान पडलं असंल. मी डॉक्टरांना तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण तुमचा भाऊ ढ नसेल हो. त्याला धड झोपच मिळाली नसेल." रिक्षात बसून मी ढसाढसा रडले, प्रेरणासमोरच.

ऑपरेशन सोमवारी ठरलंय. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, तुलाच विचारावं. रविवारी तू येणारच आहेस, तर ये. पण पोरीला न्यायला नको, तिच्याजवळ थांबायला ये. तुझ्या वेळी आपल्यात कुणाला काही कळलं नाही. तू ढ नव्हतास, कृष्णा. पप्पाही ढ नव्हते, हे मी तिला रोज सांगते, पण माझ्या तोंडून तिला खरं वाटत नाही. तू येऊन सांग.

तुझी वाट बघणारी,
तुझीच अक्का