बाळाच्या आपरेशनची तारीख

रामनाथ टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारात गेला, तशी त्याच्या आईने, लंकाबाईने, कागद-पेन्सिल शोधली. सून मोहिनी बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात उभी होती. लंकाबाईने उभ्याउभ्याच चिठ्ठी लिहिली आणि भाकरीच्या टोपलीवर ठेवली.

"रामनाथ, मी मोहिनीला आन बाळाला घिऊन पुण्याला चाललेय. बाळाच्या आपरेशनची तारीख तू परस्पर घेतलीस. जिनं पोटात वागवलं तिला इचारलं न्हाईस. काल ती रडत व्हती, तर म्हनलास, 'अंगावरून कळत न्हाई, तर मुलगा का मुलगी ते एकदाचं करून टाकू, लोक इचारत्यात.' लोकांसाठी लेकराला कापायचं व्हय रे?

पुण्याच्या डॉक्टरीनबाईंनी मोहिनीला फोनवर समजावलं. बाळाला लघवी नीट होती, रक्ताचे रिपोर्ट चांगले हायेत, मंग घाई कशाची? एकदा कापलं की परत जोडता येत न्हाई. मोठं झाल्यावर बाळ आपलं आपन सांगल. अशा लेकरांचे आईबापबी तिथं भेटनार हायेत. मोहिनीला त्यांच्याशी बोलायचंय.

आपरेशनचा घोशा लावनाऱ्या तुझ्या चुलत्याला मी बजावलंय, माझ्या दारात हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. म्हशीचं दूध डेअरीला घाल. तुला यायचं असंल तर ये, पन लोकांचा निरोप घिऊन येऊ नको."

दुपारी रामनाथने चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्याने दवाखान्यात फोन लावला.

"आमच्या बाळाची तारीख रद्द करा," तो म्हणाला. "त्याच्या आईला इचारायचं राहिलंय."