पाकिटातलं सहावं काडतूस

गुरुवार, संध्याकाळी साडेसात

सुटलो एकदाचा! वकिली करताना धमकी आली म्हणून नऊ वर्षांपूर्वी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. तेव्हापासून सहा जादा काडतुसं कमरेच्या चामडी पाकिटात असतातच. आज मनमाडहून आल्यावर रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवलं, पाकीट मात्र टेबलावर टाकून तोंड धुवायला गेलो. दोनच मिनिटं. परत येऊन मोजली तर पाच. पुन्हा मोजली, पाचच. गाडीत पडलं की रस्त्यात? पोलिसांना काय सांगणार? शोधत आतल्या खोलीत गेलो, तर चार वर्षांची नात बाहुलीला नटवत बसलेली.

"आजोबा, बघा ना, हिची लिपस्टिक!"

काडतूस तिच्या मुठीत. ते काढून घेतलं आणि मी तिथेच फरशीवर बसलो. सुमन, माझी बायको, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, नऊ वर्षांत एक तरी गोळी झाडलीत का? मग ही जादा कोणासाठी?"

उठलो आणि सहाही काडतुसं कुलपात टाकली. उद्यापासून जादा काही बरोबर नेणार नाही. नात माझ्या मांडीवर झोपलीय, एका हाताने लिहितोय. अक्षर वाईट येतंय, येऊ दे.