श्प्रिन्त्सा आजीचं नाव

आम्स्टरडॅम

प्रिय आई,
तुला आणि आजीला एकशेवीस वर्षं आयुष्य लाभो.

मी बरी आहे. पाय थोडे सुजतात, पण त्यात विशेष काही नाही. तुझे जावई लाइब शिवणाचं काम घरी आणतात, त्यामुळे मला जिने चढावे लागत नाहीत.

श्प्रिन्त्सा म्हणजे काय, असं विचारलं की आजी म्हणायची, "म्हणजे मी." काल खालच्या मजल्यावरच्या कार्दोझोबाईंनी खरं उत्तर दिलं. त्याही आपल्यासारख्या ज्यूच, पण त्यांचे पूर्वज स्पेनहून आलेले. म्हणाल्या, "अगं, ही तर आमची एस्पेरान्सा. म्हणजे आशा. चालून चालून झिजली बिचारी, तुमच्याकडे पोचेपर्यंत एवढीच उरली." आपल्या गावात स्पेनहून कोण आलं असेल गं? आजीला विचार ना.

मी म्हटलं, मुलीला हेच नाव ठेवायला आवडलं असतं. तर बाई म्हणतात, "मग ठेव की. आमच्यात आजीच्या मांडीवरच नातीला आजीचं नाव देतात." मी हादरलेच. आपल्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला देणं म्हणजे त्या माणसाला जा म्हणणं.

तुझ्या मागच्या पत्रात आजीबद्दल एक ओळही नव्हती. तिचा खोकला कसा आहे?

बाळ वसंतात, वल्हांडण सणाच्या सुमारास येईल. मुलगी झाली तर लाइबच्या आईचं गोल्डा हे नाव ठेवू, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. आजीला सांग, तिचं नाव मला फार आवडलंय, पण इतक्यात नकोय. तिनेच वापरावं अजून पुष्कळ.

तुझी,
हिंदे